ट्रूडा कार्टरची पूल पॉटरी जमवायचीय, काय बघून घेऊ?

शेवंती:
नमस्कार मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या इंग्लंडात बोर्नमथला असतो. शनिवारी एका चॅरिटी शॉपात (दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात) फुलदाणी दिसली, वीतभर उंच, दुधी रंगावर निळीजांभळी फुलं आणि मधूनच नागमोडी पट्टे, घेऊनच आले. तिथल्या आजी म्हणाल्या शेजारच्या पूल नावाच्या गावची आहे, डिझाइन ट्रूडा कार्टरचं. भांड्यांची डिझायनर म्हणून क्लॅरिस क्लिफ ऐकलेली, ही कोण? आता अजून घ्यायचा मोह होतोय. खाली ब्रशने खुणा आहेत पण तिची सही कुठेच नाही, फसले का?

बरणीवाला:
नाही गं, तिची सही शोधूच नकोस. डिझाइन ती करायची, रंगवायच्या कारखान्यातल्या मुली, ती खूण रंगवणारीची आणि शेजारी दोन अक्षरं असतील तर तो नक्षीचा कोड. नवीन माणूस हमखास इथेच गंडतो. बाकी गंमत बघ, 1921 ला ही पूलची भांडी करणारी कंपनी निघाली ती कार्टर, स्टेबलर अँड अ‍ॅडम्स. त्यातला अ‍ॅडम्स म्हणजे ट्रूडाचा पहिला नवरा जॉन, आणि कार्टर हे दुसऱ्याचं घराणं. दोन्ही सासरची आडनावं पाटीवर आणि जिच्या फुलांवर माल खपला ती पाटीवर नाहीच!

मातीचे_पाय:
उलटी करून बुडाची कड बघ, जिथे ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर, नसतो तिथे. विटेसारखी लाल असेल तर साधारण 1934 च्या आधीची, त्यानंतर पांढरी माती आली. मग नखाने हळूच टिचकी मार, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. काळोखात यूव्ही (अतिनील किरणांचा) टॉर्च फिरव, डागडुजीचा रंग बऱ्याचदा वेगळा चमकतो. ग्लेझवरच्या बारीक तड्यांच्या जाळीला घाबरू नको, पण पाणी भरून ठेवू नको, डाग आत उतरतो आणि मग जात नाही.

कोयरी:
ट्रूडा महाग पडली तर शार्लट रीड बघ, तीही इंग्लिश भांड्यांची डिझायनर. तिच्या भांड्यांवर पातळ मातीची रेघ नळीतून पिळून काढायचे, अगदी मेंदीच्या कोनासारखी, आणि मग त्या कुंपणात रंग भरायचे. बोट फिरवलं की रेघ लागते हाताला. तिथे बऱ्याचदा सही असते, पण तेवढ्यावरून ते भांडं तिने स्वतः रंगवलं असं समजू नको.

बरणीवाला:
मी तर म्हणेन आधी काहीच घेऊ नकोस, पूल म्युझियममध्ये जाऊन ये. तुझ्या दारातच आहे की! अस्सल रंग डोळ्यात बसला की दुकानात हात आपोआप आवरतो. निदान माझा थोडा आवरला, बायकोला विचारा.

शेवंती:
कड लालच आहे!! अक्षरंही दोन सापडली. पण टिचकी एका बाजूला बद्द वाजतेय, टॉर्च मागवलाय. तोवर नवऱ्याने आणलेली ट्यूलिप स्टीलच्या तांब्यात.