रेसिडेन्सीसाठी 'अवे रोटेशन' खरंच हवंच का?

निशिगंध (धागाकर्ती)

मी अमेरिकेत मेडिकल स्कूलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ऑर्थोची रेसिडेन्सी (डॉक्टर झाल्यावरचं त्या शाखेचं प्रशिक्षण) करायचीय. चौथं वर्ष लागलं की आमच्याकडे बॅगा भरायची घाई सुरू होते. चार आठवडे एका गावी, चार आठवडे दुसऱ्या. हेच 'अवे': परक्या कॉलेजच्या रुग्णालयात महिनाभर राबायचं, म्हणजे सप्टेंबरात अर्ज गेला की तिथले लोक नाव ओळखतील.

माझ्या मते ही प्रथा बंद व्हावी. इथल्या खोलीचं भाडं चुकत नाही, तिथे दुसरी खोली घ्यायची, विमान, गाडी, आणि काम परक्यांकडे करत असताना फी मात्र आपल्याच कॉलेजला भरायची. सगळं कर्जातून. वर्गात एकीला वर्षाचं बाळ आहे, तिने काय करायचं?

२०२० मध्ये साथीमुळे अवे जवळजवळ बंदच झाली. ज्यांच्या कॉलेजात त्या शाखेची रेसिडेन्सीच नाही, त्यांनाच मोकळीक होती. मुलाखतीही व्हिडिओवर झाल्या. तरी मार्च २०२१ ला मॅच (कोणाला कुठली रेसिडेन्सी मिळाली त्याचा निकाल) लागला आणि ऑर्थोच्या जवळपास सगळ्या जागा भरल्या. मग अडलं कुठे?

कातळ

जागा भरल्या हे खरं. पण कोणी भरल्या ते बघा. त्या वर्षी बऱ्याच सर्जिकल शाखांत आपल्याच कॉलेजची मुलं घेण्याचं प्रमाण वाढलं. अवे बंद केलं की नुकसान होतं ते छोट्या कॉलेजच्या मुलांचं.

मी ऑर्थोचा रेसिडेंट आहे. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ ला (डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा) गुण नाहीत, नुसतं पास-फेल. शिफारसपत्रांत प्रत्येक जण 'उत्कृष्ट' असतो. मग आम्ही माणूस ओळखायचा कशावरून? गेल्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याला पहाटे विचारलं, रात्री पेशंटला ताप होता का? त्याने चार्ट न बघताच 'नव्हता' सांगितलं. होता. दुसरी एक मुलगी होती, 'माहीत नाही, बघून सांगते' म्हणाली आणि दोन मिनिटांत सांगितलंही. पाच वर्षं रात्री-अपरात्री ज्याच्या भरवशावर झोपायचं, तो यातला कोण हे व्हिडिओवर वीस मिनिटांत कळत नाही.

अंगणातली तुळस

निशिगंध, तू माझ्या लेकीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते. माझ्या लेकीने तीन अवे केली. ती मुळात अबोल. पहिल्या ठिकाणी दोन आठवडे कुणी तिला नावाने हाकही मारली नाही. पहाटे चारला उठायची, रात्री फोनवर एवढंच विचारायची, "आई, मी आज पुरेशी हसरी दिसले असेन ना गं?"

कातळ, तुम्ही म्हणता तसा खरेपणा महिनाभरात दिसत असेलही. पण बोलक्या मुलाचा बोलकेपणाच आधी दिसतो. माझी मुलगी पेशंटच्या नातेवाइकांजवळ तासभर बसते, ते कुणाच्या फॉर्ममध्ये येतं?

रात्रपाळी

सगळेच 'अवे' म्हणजे एकच गोष्ट धरून बोलताय. शाखा बघा. ऑर्थो, न्यूरोसर्जरी, प्लास्टिक, ईएनटी इथे अवेला वजन आहेच. आमच्या इमर्जन्सी मेडिसिनला ठरावीक साच्यातलं मूल्यमापनपत्र लागतं, आम्ही त्याला 'स्लो' म्हणतो. ते रोटेशन केल्याशिवाय मिळत नाही, म्हणून साधारण एक घरचं आणि एक बाहेरचं करतात. इंटर्नल, पीडियाट्रिक्स, फॅमिली, सायकियाट्री यांना बहुतेक वेळा काहीच गरज नाही. तिकडे जाणारी मुलंही ऑर्थोवाल्यांचं बघून घाबरून अर्ज भरतात, त्यांना तरी कुणी सांगा.

शिवाय आता सिग्नल आहेत, म्हणजे अर्जासोबत ठरावीक प्रोग्रॅमना 'मला तुमच्यात खास रस आहे' असं कळवायची सोय. २०२२-२३ च्या हंगामात ऑर्थोने प्रत्येक उमेदवाराला ३० दिले. 'मला तुमच्याकडे यायचंय' हे सांगायला आता महिनाभर तिथे राहावं लागत नाही.

उंबरठा

ताई, बंद करा म्हणण्याआधी आमचाही विचार करा. मी महाराष्ट्रातल्या सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं, आता इथे इंटर्नल मेडिसिनला दुसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नलला गरज नाही हे इथल्या मुलांना लागू. आमच्याकडे इथल्या डॉक्टरांचं पत्र मागतात, आणि पत्र द्यायला त्यांनी आम्हाला काम करताना पाहिलेलं असावं लागतं. विद्यार्थी असेपर्यंत इथल्या रुग्णालयात इलेक्टिव्ह (आपण निवडलेलं रोटेशन) मिळू शकतं, पेशंट तपासता येतो. डिग्री हातात पडली की बहुतेक ठिकाणी उरते ती ऑब्झर्व्हरशिप, म्हणजे हात मागे बांधून उभं राहायचं. मला हे उशिरा कळलं. तिकडची जी पोरं इथे वाचत असतील त्यांनी इंटर्नशिप संपायची वाट बघू नये.

निशिगंध

उंबरठा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. 'बंद' हा शब्द मागे घेते. पण २०२१-२२ मध्ये 'एकच अवे' अशी शिफारस होती, ती कायम का ठेवली नाही? माझ्या कॉलेजात ऑर्थोची रेसिडेन्सी आहे, मला एक पुरे. जिथे नाही तिथल्यांना तीन द्या.

कातळ

जिथे नाही त्यांना तीन, हे पटलं. तुम्हाला एक, हे नाही. ते एक ठिकाण चुकीचं निवडलंत, किंवा त्याच महिन्यात आजारी पडलात, तर दुसरी संधी कुठली? दोन ठेवा.

अंगणातली तुळस

आणि त्या दुसऱ्याच्या खोलीचं भाडं प्रोग्रॅमने द्यावं.