मट या मेल प्रोग्रॅममधून मेल पाठवायचं काम मटकडेच ठेवावं की दुसऱ्या प्रोग्रॅमकडे द्यावं?

बागवाला_देवगड
तीन दिवस डोकं खाऊन आज मेल गेली एकदाची. जुना लॅपटॉप, टर्मिनलवर (नुसत्या कमांड टाइप करायची काळी खिडकी) मट. मेल येत होत्या, जात मात्र एकही नव्हती. पाठवायला एमएसएमटीपी हा फक्त मेल पाठवणारा प्रोग्रॅम लावलंय, पोर्ट (सर्व्हरचं दार) ४६५, टीएलएस (बोलणं कुलूपबंद करणारी सोय) ऑन. एंटर मारला की नुसतं बसून राहायचं, एररसुद्धा नाही. शेवटी डीबग लावून पाहिलं तेव्हा उलगडा झाला. ४६५ वर पहिल्या अक्षरापासून टीएलएस हवं, म्हणून सर्व्हर आपल्या सुरुवातीची वाट बघतो. आणि एमएसएमटीपी मुळात स्टार्टटीएलएस (आधी साधं बोलणं, टीएलएस मागाहून) धरून चालतं, म्हणजे आधी सर्व्हरच्या साध्या स्वागताची वाट बघतं. दोन व्याही दारात 'तुम्ही व्हा पुढे' करत उभे! 'टीएलएस_स्टार्टटीएलएस ऑफ' ही एक ओळ घातली नि सुटलं. नाहीतर पोर्ट ५८७ ठेवा, मग त्या ओळीची गरज नाही.

एवढं होऊनही माझं मत तेच. पाठवणं मटकडे देऊ नका. पाऊस लागला की आमच्याकडे नेटची लाइन दिवसातून दहादा जाते. एमएसएमटीपीबरोबर एमएसएमटीपीक्यू नावाची स्क्रिप्ट (छोटा प्रोग्रॅम) येते, ती मेल रांगेत ठेवते. लाइन आली की एक कमांड, रांग मोकळी.

गुहागरी
साफ असहमत. तुमचे तीन दिवस गेलेच मुळी त्या दुसऱ्या प्रोग्रॅममुळे. मटला स्वतःचं एसएमटीपी (मेल पाठवायची सोय) येऊन जमाना झाला. 'एसएमटीपी_यूआरएल' एक ओळ लिहायची. ५८७ असेल तर सुरुवात 'एसएमटीपी', ४६५ असेल तर 'एसएमटीपीएस'. ५८७ ला चुकून 'एसएमटीपीएस' लिहिलं की टीएलएसची एरर येते, पण येते तरी! उलट ४६५ ला 'एसएमटीपी' लिहिलं तर मात्र तेही मुकाट बसून राहतं.

आणि रांगेचं कौतुक मला सांगू नका. आमची घरगुती खोल्यांची सोय आहे. दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग विचारणाऱ्या मेलला मी उत्तर दिलं, मट म्हणालं पाठवली, 'सेंट'मध्ये प्रतही दिसली. मेल दोन दिवस रांगेत! स्क्रिप्टने 'घेतली' म्हटलं की मटच्या लेखी ती गेली. पाहुणे हेदवीला जाऊन राहिले. मटचं स्वतःचं एसएमटीपी अडलं तर पत्र तसंच समोर राहतं, गेलं नाही हे डोळ्याला दिसतं. मसुद्यात टाका, लाइन आल्यावर पाठवा.

चाकरमानी_कुडाळ
मेल्यांनो, ह्या सगळा करूक येळ कोणाक आसा? फोन काढा, मेल धाडा. माका तर ह्या काळ्या खिडकीत काय दिसाक पण नाय.

बागवाला_देवगड
@चाकरमानी, सीझनला दीडशे बिलं धाडायची असली की या, फोन घेऊनच या. शेल स्क्रिप्ट ती चहा होईपर्यंत लावते. त्याच स्क्रिप्टसाठी मला रांग हवी, @गुहागरी. सत्तराव्या बिलाला लाइन गेली तर कुठलं गेलं नि कुठलं राहिलं ते शोधत कोण बसणार?

नवशिक्या_दापोली
मध्येच विचारतो. मेल पाठवताना मला ५३५ (लॉगिन नाकारल्याची एरर) येतंय. पासवर्ड बरोबर आहे, ब्राउझरमध्ये चालतो.

गुहागरी
जीमेल असणार. मे २०२२ पासून अशा प्रोग्रॅमना खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप (दोन टप्प्यांचं लॉगिन) चालू करा, १६ अक्षरी अ‍ॅप पासवर्ड घ्या, तो टाका. आणि तो ज्या फाइलमध्ये लिहाल तिची परमिशन ६०० ठेवा, म्हणजे ती फक्त तुम्हालाच उघडेल.

नवशिक्या_दापोली
५३५ गेलं! आता म्हणतंय सर्व्हरचं सर्टिफिकेट (ओळखपत्र) अजून लागूच झालेलं नाही.

बागवाला_देवगड
मशीनची तारीख बघा आधी, ती मागे गेली की असंच म्हणतं. मघाशी वीज गेली होती का?

नवशिक्या_दापोली
हो. २००९ दाखवतंय 😅

बागवाला_देवगड
बोर्डावरचा घड्याळाचा सेल मेलाय. तारीख लावा, मेल जाईल. पण सेल बदलाच, नाहीतर प्रत्येक वीज गेल्यावर हेच.

@गुहागरी, तुमचं 'सेंट'वालं मान्य. ते मलाही खटकतं. म्हणून टर्मिनल उघडलं की रांगेत किती मेल आहेत तो आकडा वर दिसेल अशी छोटी स्क्रिप्ट लिहिली आत्ता.

गुहागरी
म्हणजे मट, एमएसएमटीपी, त्याची रांग, आणि रांगेवर लक्ष ठेवायला चौथं. चालू द्या.