मदत हवी आहे: आत्याने जमीन माझ्या नावे केली, पण उताऱ्यावर नाव चढेना

माळरान:
आत्या मार्चमध्ये वारली, मूलबाळ नाही. दीड एकर आणि घर माझ्या नावे लिहून ठेवलंय. खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा, कर्नाटक. नाडकचेरीत (महसूल कार्यालयात) तीन हेलपाटे झाले. तलाठी म्हणतात वंशावळ आणा, दिराच्या, नणंदेच्या सह्या आणा. तिनं स्पष्ट लिहिलंय, मग सह्या कशाला? पेरणी तोंडावर आलीय, लवकर सांगा.

शहापूरकर:
लिहून ठेवलंय म्हणजे काय? मृत्युपत्र की बक्षीसपत्र? नोंदणी केलीय? साक्षीदार किती?

माळरान:
मृत्युपत्र. नोंदणी नाही. दोन साक्षीदार, एक वारले. कागद तिच्या इरकलीच्या घडीत सापडला, सही तिचीच आहे.

काजूबाग:
कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट (वारसा प्रमाणपत्र) काढा. बाबांचं सगळं मला त्यावरच मिळालं.

शहापूरकर:
तुम्हाला बँकेतले पैसे मिळाले असतील. जमिनीला ते चालत नाही. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही, दोन साक्षी मात्र हव्यातच. कोर्टात सिद्ध करायला हयात असलेल्या एकाची साक्ष पुरते. त्यांना जपा, वय झालं असेल.

निपाणकर:
कोर्ट कशाला? सगळ्यांकडून हक्कसोड घ्या. आम्ही भावंडांनी तेच केलं, वर्षाच्या आत मोकळे झालो.

शहापूरकर:
ज्याचा हक्कच नाही तो सोडणार काय?

निपाणकर:
सही केली की कटकट संपते, एवढं खरं.

घटप्रभा:
मुळात उतारा कन्नडमध्ये. माझ्या आईला स्वतःच्या रानाचा उतारा दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागते. मराठीतून कागद मिळालेच पाहिजेत.

तांबडीमाती:
घटप्रभा, दुखणं खरं आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा, मीही लिहीन. माळरान, आज उताऱ्यावर नाव कुणाचं?

माळरान:
मामांचं, म्हणजे आत्याच्या यजमानांचं. 2009 ला गेले. नाव बदलायचं राहिलं. त्यानं काय फरक पडतो?

तांबडीमाती:
सगळा फरक तिथंच आहे. भावांत वाटणी झाली होती? मामांनी मृत्युपत्र केलं होतं? ते गेले तेव्हा त्यांची आई हयात होती?

माळरान:
वाटणी आधीच झालेली. त्यांनी काही लिहिलं नव्हतं. आई होत्या, 2013 ला गेल्या.

तांबडीमाती:
मग हिंदू वारसा कायदा, 1956 प्रमाणे मामांची मिळकत बायको आणि आई यांना निम्मी निम्मी गेली. आईंनीही मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांची निम्मी त्यांच्या मुलांकडं, म्हणजे आत्याच्या दिराकडं आणि नणंदेकडं. आत्या आपली निम्मीच देऊ शकते. तलाठ्यांनी उगाच अडवलेलं नाही. आधी मामांची वारसा नोंद, मग मृत्युपत्रावर तुमची. हरकत आली तर हक्काचा निकाल दिवाणी कोर्टच देतं. घराचं ग्रामपंचायतीत वेगळं बघा, तिथंही हाच हिशेब.

माळरान:
म्हणजे पाऊण एकर. तिला अख्खं आपलंच वाटायचं, बांधावरची फणसाची झाडंसुद्धा तिनंच लावली. उद्या मामांचा आणि त्यांच्या आईंचा मृत्यूचा दाखला काढतो. दिरांकडं रविवारी जातो, आईला बरोबर घेऊन.