ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपसाठी सुपरचार्जर किट: रूट्स, ट्विन स्क्रू की सेंट्रिफ्युगल?

लांब पल्ला:

नमस्कार. माझ्याकडे 2016 सालचा शेव्हरोले सिल्व्हराडो पिकअप आहे. त्याला 5.3 लिटरचे व्ही-8 पेट्रोल इंजिन आणि सहा गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असून मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर 3.42 आहे. गाडी रिकामी असताना काहीही तक्रार नाही. परंतु ट्रेलर जोडून लांब चढाला लागलो की गिअरबॉक्स दोन गिअर खाली येतो, इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर ओरडत राहते आणि तरीही वेग हळूहळू पडत जातो. शर्यतीत उतरण्याचा विचार नाही. चढावर गाडीने दमदारपणे ओढावे आणि एरवी ती मूळ गाडीसारखीच शांत चालावी, एवढीच अपेक्षा आहे.

यासाठी सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्याच जोरावर फिरून त्यात जादा हवा दाबून भरणारे यंत्र, बसवावा असा विचार आहे. त्याच्या किटची माहितीपत्रके वाचली, पण प्रत्येकात सर्वाधिक अश्वशक्तीचा आकडा तेवढा ठळक आहे आणि त्यावरून माझ्या कामाचे काही कळत नाही. रूट्स, ट्विन स्क्रू आणि सेंट्रिफ्युगल या तीन प्रकारांतून निवड कशी करावी, किती बूस्ट (हवेचा जादा दाब) सुरक्षित मानावा, आणि किटमध्ये नेमके काय असले म्हणजे ते पूर्ण समजावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

स्पॅनर:

तुम्ही वापराचे वर्णन नीट दिलेत, त्यामुळे उत्तर बरेच सोपे झाले आहे. ट्रेलर ओढण्यासाठी जास्तीत जास्त अश्वशक्ती किती, यापेक्षा दोन ते चार हजार फेऱ्यांच्या दरम्यान टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, किती वाढतो हे पाहावे. तुमचे इंजिन कंपनीच्या आकड्यांनुसार 355 अश्वशक्ती 5600 फेऱ्यांना आणि सुमारे 520 न्यूटन-मीटर टॉर्क 4100 फेऱ्यांना देते. चढावर ते चार हजारांच्या वर का ओरडते, याचे उत्तर याच दोन आकड्यांत आहे: त्याचा सगळा जोर वरच्या फेऱ्यांत आहे, आणि गिअरबॉक्स तो शोधत खाली उतरतो.

सेंट्रिफ्युगल सुपरचार्जरचा बूस्ट साधारणपणे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सहा हजार फेऱ्यांना आठ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड, दाबाचे एकक) देणारे युनिट तीन हजारांना जेमतेम दोन पीएसआय देते. मोकळ्या रस्त्यावर गाडी पळवणाऱ्याला ही वाढत जाणारी ओढ आवडते, आणि कमी फेऱ्यांत पिस्टनवर ताण कमी येतो हाही तिचा खरा गुण आहे. परंतु तुमची अडचण जिथे आहे तिथे ते युनिट जवळजवळ गप्प बसलेले असते. याउलट रूट्स आणि ट्विन स्क्रू हे दोन्ही प्रकार प्रत्येक फेरीला ठरावीक आकारमानाची हवा ढकलतात, त्यामुळे दोन हजार फेऱ्यांपासूनच बूस्ट उभा राहतो. तुमच्यासाठी निवड या दोघांतूनच व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दोघांतला फरकही समजून घ्या. रूट्स प्रकारात हवा रोटर आणि कवच यांच्यामधल्या पोकळीतून नुसती वाहून नेली जाते आणि ती दाबली जाते ती बाहेर पडताना, मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबाच्या हवेला भिडून. त्यामुळे जुन्या सरळ रोटरांच्या युनिटांत हवा फार तापत असे. ईटन कंपनीच्या टीव्हीएस मालिकेत चार पाकळ्यांचे, 160 अंशांचा पीळ असलेले रोटर आले आणि हा दोष पुष्कळ कमी झाला. ट्विन स्क्रूमध्ये दोन वेगवेगळ्या आकारांचे रोटर एकमेकांत गुंतत हवा आतल्या आतच दाबत नेतात, म्हणून जास्त बूस्टला ती तुलनेने थंड राहते. मात्र सहा-सात पीएसआयच्या मर्यादेत राहणार असाल तर या दोघांतला फरक चालकाला जाणवेल इतका राहत नाही. तिथे मी किटचा संपूर्णपणा आणि दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा आकार यांना जास्त महत्त्व देईन.

डायनो:

स्पॅनर यांच्याशी प्रकाराबाबत पूर्ण सहमत आहे. मी बूस्ट, उष्णता आणि इंधन या तीन गोष्टींविषयी लिहितो, कारण इंजिने बिघडतात ती बहुधा इथेच.

प्रथम आकारमान. चार स्ट्रोकचे 5.3 लिटरचे इंजिन क्रँकच्या एका फेरीत साधारण 2.65 लिटर हवा ओढते. सुपरचार्जर प्रतिफेरी 1.9 लिटरचा असेल आणि पुलींमुळे तो क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरत असेल, तर तो 3.8 लिटर हवा पुढे ढकलतो, म्हणजे इंजिनाच्या गरजेच्या सुमारे 1.43 पट. गळती आणि तापमान यांमुळे प्रत्यक्ष आकडा वेगळा येतो, पण दोन किटांची तुलना करताना हा हिशेब जाहिरातीपेक्षा अधिक खरे बोलतो. तेवढीच हवा मोठ्या युनिटला सावकाश फिरवूनही मिळते. असे युनिट तापते कमी आणि पुढे बेल्टवरही ताण कमी येतो. म्हणूनच छोटे युनिट लहान पुली लावून पिळून काढण्यापेक्षा थोडे मोठे युनिट निवांत चालवणे ट्रेलरवाल्यासाठी अधिक शहाणपणाचे आहे.

उष्णतेचा अंदाज असा घ्या. बाहेर 30 अंश सेल्सिअस असेल आणि सात पीएसआय बूस्टला सुपरचार्जरची कार्यक्षमता 65 टक्के धरली, तर बाहेर पडणारी हवा सुमारे 85 अंशांवर जाते. इंटरकूलरशिवाय इतकी तापलेली हवा तुमच्यासारख्या 11 कम्प्रेशन गुणोत्तराच्या (सिलिंडरात मिश्रण 11 पट दाबणाऱ्या) इंजिनात शिरली की नॉकिंगला, म्हणजे इंधनाच्या अवेळी स्फोटक जळण्याला, आमंत्रणच मिळते. तुम्ही पाहत असलेल्या बहुतेक किटांत मॅनिफोल्डच्या आतच पाण्याने थंड होणारा इंटरकूलर असतो आणि ते पाणी स्वतंत्र पंपाने रेडिएटरपुढच्या छोट्या हीट एक्स्चेंजरमधून फिरते. क्षणभराच्या जोरासाठी ही रचना उत्तम आहे. परंतु ट्रेलर ओढताना थ्रॉटल मिनिटांमागून मिनिटे उघडा असतो, आणि त्या अवधीत हे पाणीच तापत जाते. म्हणून माहितीपत्रकात इंटरकूलरच्या गाभ्यापेक्षा समोरच्या हीट एक्स्चेंजरचा आकार, त्याला पंखा आहे का आणि पाण्याची टाकी किती लिटरची आहे, हे आधी पाहावे. आणखी एक गोष्ट: तो एक्स्चेंजर रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि गिअरबॉक्सचा तेल-कूलर यांच्यापुढे बसतो, म्हणजे या सर्वांना आता तापलेली हवा मिळणार. चढावर गिअरबॉक्सचे तापमान दाखवणारा मीटर तुमच्या डोळ्यांसमोर असलाच पाहिजे.

किती बूस्ट, याचे उत्तर कंपनीच्याच उदाहरणातून घेता येते. याच कुटुंबातल्या 6.2 लिटरच्या एलटी1 इंजिनाचे कम्प्रेशन 11.5 आहे; त्यावर ईटनचा 1.7 लिटरचा सुपरचार्जर बसवून एलटी4 तयार करताना जनरल मोटर्सने ते 10.0 वर आणले. तुम्ही इंजिन उघडणार नाही, तुमचे कम्प्रेशन 11 वरच राहणार. तेव्हा पाच ते सात पीएसआयच्या पलीकडे जाऊ नका आणि भरताना कायम प्रीमियम पेट्रोलच भरा.

इंधनाचा मुद्दा तुमच्या इंजिनाला विशेष लागू आहे, कारण ते डायरेक्ट इंजेक्शनचे, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणारे आहे. त्याचा उच्च दाबाचा पंप कॅमशाफ्टवर चालतो, म्हणजे इंजिनाच्या दर फेरीला तो जास्तीत जास्त एक ठरावीक मात्राच देऊ शकतो. दर फेरीला सर्वाधिक इंधन लागते ते सर्वाधिक टॉर्कच्या वेळी. मग ज्या मधल्या फेऱ्यांत तुम्हाला टॉर्क वाढवायचा आहे, तिथेच या पंपाची खरी परीक्षा आहे. वरच्या फेऱ्यांत निराळी अडचण येते: इंजेक्टरला फवारणीसाठी मिळणारा वेळ कमी होतो. किटमध्ये पंप व इंजेक्टर बदललेले आहेत का, की मूळचेच पुरतील असा निर्मात्याचा दावा आहे, आणि दावा असल्यास ट्रेलर ओढताना इंधन-रेलचा (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीचा) दाब टिकतो हे दाखवणारी नोंद तो देतो का, हे लेखी विचारावे.

दुसरा गिअर:

थोडा वेगळा विचार मांडतो. सुपरचार्जरच्या आधी मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर 3.42 वरून 4.10 करून पाहण्याचा विचार तुम्ही केला आहे का? भागाकार केला तर चाकावर येणारी ओढ प्रत्येक गिअरमध्ये जवळजवळ 20 टक्के वाढते, आणि त्यात इंजिनाच्या आत काहीही बदलावे लागत नाही. मोकळ्या रस्त्यावर फेऱ्याही तितक्याच वाढतील, पेट्रोल थोडे जास्त जाईल आणि संगणकात गुणोत्तर नोंदवून घ्यावे लागेल, हे खरे. पण गाडी बहुतांश वेळ ट्रेलरसह चालत असेल तर हा बदल सर्वांत निर्धोक आहे.

आणि हे स्पष्ट सांगणे आवश्यक वाटते की सुपरचार्जर बसवल्याने गाडीची अधिकृत ओढक्षमता एक किलोनेही वाढत नाही. ती ब्रेक, चासी, ॲक्सल आणि कूलिंग यांवर ठरलेली असते. चढावर वेग टिकवण्यासाठी किट घ्या, जास्त वजनाचा ट्रेलर जोडण्यासाठी घेऊ नका.

लांब पल्ला:

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ट्रेलरचे वजन गाडीच्या मर्यादेच्या बरेच आत आहे आणि ते वाढवायचे नाही. ॲक्सलचा पर्याय मी विचारात घेतला होता. परंतु वर्षातला मोठा काळ गाडी ट्रेलरशिवाय लांब अंतरावर चालते आणि तेव्हाच्या वाढीव फेऱ्या मला नको आहेत, म्हणून सध्या तरी मन सुपरचार्जरकडेच झुकते. सात पीएसआयच्या आतले रूट्स प्रकारचे, इंटरकूलरसह आणि ट्यूनिंगसह (इंजिनाच्या संगणकातल्या बदललेल्या मांडणीसह) मिळणारे किट घ्यावे, इथपर्यंत माझा विचार आला आहे.

दोन शंका उरतात. इंजिन पुष्कळ चाललेले आहे, तर त्याची आधी काय तपासणी करावी? आणि किटसोबत येणारे तयार ट्यूनिंग पुरेसे मानावे की स्वतंत्र ट्यूनरकडून करून घ्यावे?

स्पॅनर:

तपासणीपासून सुरुवात करू. आठही सिलिंडरांची कम्प्रेशन चाचणी करा आणि त्यासोबत लीक-डाउन चाचणीही आवर्जून करा, कारण पहिली फक्त दाब दाखवते, तर दुसरीत हवा नेमकी कुठून निसटते ते कळते. ऑइल भरण्याच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर रिंगा, एग्झॉस्टमध्ये आली तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल तर किटचा विचार बाजूला ठेवून आधी इंजिन दुरुस्त करावे. तुमच्या इंजिनात चार सिलिंडर बंद ठेवण्याची यंत्रणा आहे. तिच्या लिफ्टरांचा (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांचा) सकाळी थंड इंजिनावर टिकटिक आवाज येतो का, तेही लक्ष देऊन ऐका. डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोलचा फवारा पडत नाही आणि तिथे काजळी साचते. किट बसवताना मॅनिफोल्ड उतरणारच आहे, तर ती तेव्हाच साफ करून घ्या. त्यासाठी पुन्हा सगळे खोलणे म्हणजे दुप्पट मेहनत.

क्रँकच्या पुढच्या पुलीबद्दल बहुतेक माहितीपत्रके गप्प असतात. या इंजिनांत ती पुली चावीने (खाचेत बसणाऱ्या धातूच्या पट्टीने) अडकवलेली नसून मधल्या बोल्टच्या आवळणीवर, म्हणजे निव्वळ घर्षणावर धरलेली असते. सुपरचार्जर फिरवण्याचा भार त्याच पकडीवर येतो, म्हणून अनेक किटांत पुली आणि क्रँक यांच्यामध्ये भोक पाडून पिन बसवण्याचा साचा दिलेला असतो. तुमच्या किटमध्ये तो असेल तर काम कंटाळवाणे असले तरी टाळू नका, आणि काढलेला बोल्ट परत वापरू नका. तो एकदाच आवळण्यासाठी बनवलेला असतो.

डायनो:

ट्यूनिंगविषयी. तयार ट्यूनिंग हे सुरक्षित बाजूला झुकलेले असते आणि गाडीत दुसरा काहीही बदल नसेल तर सुरुवात त्यानेच करावी. पण ते ट्रेलरसह चढावर तपासलेले आहे की केवळ डायनोवरच्या (जागेवरच इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावरच्या) काही सेकंदांच्या धावेवर, हे निर्मात्याला विचारा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बसवल्यानंतर ट्रेलर जोडून नेहमीच्या चढावर गाडी न्यावी आणि इनटेक हवेचे तापमान, नॉकमुळे इग्निशन किती अंश मागे घेतले जाते, इंधन-रेलचा दाब आणि गिअरबॉक्सचे तापमान यांची नोंद घ्यावी. चढाच्या शेवटी इनटेक तापमान वाढतच असेल आणि इग्निशन सारखे मागे जात असेल, तर ट्यूनिंग बदलण्याच्या आधी हीट एक्स्चेंजर मोठा करावा. या नोंदी ट्यूनरच्या हाती असल्या म्हणजे तो अंदाजाने काम करत नाही, आणि स्वतंत्र ट्यूनरकडे जाण्याचा खरा उपयोग तेव्हाच होतो.

स्पार्क प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारे) आणि थोड्या कमी गॅपचे लागतील. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मूळचा सेन्सर वातावरणीय दाबाच्या आसपासच थांबतो, म्हणून बूस्ट मोजू शकणारा सेन्सर किटमध्ये आहे याची खात्री करा. तो नसेल तर संगणकाला बूस्ट दिसतच नाही. गाडी कॅलिफोर्नियात किंवा तिथले नियम पाळणाऱ्या राज्यात नोंदवलेली असेल, तर किटला तुमच्या इंजिनासाठी आणि वर्षासाठी कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा (तिथल्या हवा-प्रदूषण नियंत्रण संस्थेचा) एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे परवानगीचा, क्रमांक मिळालेला असावा. सारख्याच दिसणाऱ्या दोन किटांपैकी एकाला तो असतो आणि दुसऱ्याला नसतो, तेव्हा पैसे भरण्याआधीच किटचा नेमका भाग क्रमांक त्या ऑर्डरमधल्या यादीशी ताडून घ्या.