ओव्हरडोसचा मृत्यू: दाखल्यावर औषधाचं नाव सक्तीचं करावं का?

नोंदवही:
मृत्यूच्या नोंदींना कारणांचे कोड लावणं हे माझं रोजचं काम. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजार आणि मृत्यूच्या कारणांच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत, एक्स ४० ते ४४ म्हणजे औषधांची अपघाती विषबाधा, एक्स ६० ते ६४ म्हणजे जाणूनबुजून घेतलेलं, वाय १० ते १४ म्हणजे हेतू ठरवता आला नाही. कुठलं औषध, त्याचे कोड वेगळे: हेरॉइनला टी ४०.१, मेथाडोन या कृत्रिम अफूसारख्या औषधाला टी ४०.३. पण डॉक्टरांनी दाखल्यावर नुसतं ‘अनेक औषधांची विषबाधा’ लिहिलं की माझ्या हाती उरतो टी ५०.९, म्हणजे ‘अनिर्दिष्ट’. प्रयोगशाळेच्या अहवालात नावं असूनही ती दाखल्यावर उतरत नाहीत, याचा मला फार त्रास होतो. कुठलं विष पसरतंय हे कळणार कसं? प्रत्येक औषधाचं नाव सक्तीचं करा, आणि आकडे कच्चे असले तरी लवकर जाहीर करा.

धाकटी:
माझा ठाम विरोध. माझा मोठा भाऊ असाच गेला. आम्ही राहतो तिथे दाखल्याच्या प्रतीवर कारण छापलेलं असतं. बँक, विमा, घराची कागदपत्रं, प्रत्येक टेबलावर समोरच्याची नजर त्या ओळीवर अडायची. आई प्रत पुढे करताना कागद तेवढाच दुमडून धरायची. आता त्यात औषधाचं नावही?

काचनळी:
मी विषतपासणीच्या प्रयोगशाळेत आहे. माझा विरोध वेगळ्या कारणाने. हेरॉइनचं शरीरात काही मिनिटांत ६-मोनोअ‍ॅसिटिलमॉर्फिन होतं आणि मग मॉर्फिन. तो मधला पदार्थ हाती लागला नाही, तर हेरॉइनचा बळी मॉर्फिनच्या खात्यावर जातो. शिवाय मृत्यूनंतर काही औषधं अवयवांतून रक्तात झिरपतात, म्हणून आम्ही हृदयातलं नाही, मांडीच्या शिरेतलं रक्त मागतो. रक्तात सापडलं म्हणजे त्यानेच मारलं असं होत नाही. घाईने लिहिलेलं नाव पुढे कोणी खोडत नाही.

पाणंद:
पण थांबण्याचीही किंमत असते. इंग्लंड-वेल्समध्ये कॉरोनरची (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी संपल्याशिवाय असा मृत्यू नोंदलाच जात नाही. त्यामुळे एका वर्षात नोंदलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसं आधीच्या वर्षांत गेलेली असतात. अमेरिकेत सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था साधारण चार महिन्यांनी तात्पुरते आकडे देते आणि मागाहून दुरुस्त करते. २०२३ मध्ये तिथे १,०५,००७ माणसं ओव्हरडोसने गेली. एवढी माणसं जात असताना पक्क्या आकड्याची वाट बघत बसायचं?

नोंदवही:
काचनळी, तुमची शंका रास्त आहे. म्हणून ‘सापडलं’ आणि ‘कारणीभूत’ असे दोन रकाने हवेत. पण नाव लिहूच नका, हे मला पटत नाही. फेंटानिल आणि ट्रॅमाडॉल ही दोन वेगळी कृत्रिम वेदनाशामकं, पण दोन्ही टी ४०.४ मध्येच जातात. डॉक्टरांनी शब्दांत लिहिलं नाही तर कोडवरून ती वेगळी काढता येत नाहीत.
धाकटी, तुमचं वाचून गलबललं. कुटुंबाच्या प्रतीवर कारण असूच नये. भारतात १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १७ मध्ये हीच तरतूद आहे. वैद्यकीय कारणाचा कागद वेगळा राहू शकतो.

काचनळी:
दोन रकाने चालतील. पण दुसरा रकाना भरायला अनुभवी माणूस लागतो, तो सगळीकडे नसतो. तोवर सक्तीला माझी ना.

धाकटी:
कागद वेगळा होणार असेल तर नावाला माझी हरकत नाही. पण तुमच्या त्या यादीत माझा भाऊ ‘हेतू ठरवता आला नाही’ यात बसतो. सहा वर्षं झाली. त्या रात्री काय झालं हे आईला अजून कोणी सांगितलेलं नाही. त्यासाठी कुठला रकाना आहे?