‘क्लू’ म्हणजे सुगावा, माग, धागादोरा की खूण?

नाताळच्या सुट्टीत शेरलॉक होम्स पुन्हा वाचायला काढलाय. जेवून आडवं व्हायचं, एक कथा घ्यायची, मध्येच डोळा लागला तर लागू द्यायचा. सध्या १८९२ सालची ‘ब्लू कार्बंकल’ चालू आहे. तीही नाताळातलीच: २७ डिसेंबरची सकाळ, होम्स सोफ्यावर पहुडलेला, शेजारी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली एक कळकट हॅट. हॅटवर मेणबत्तीचे पाच डाग. त्यावरून तो सांगतो, मालकाच्या घरी गॅसचे दिवे नाहीत. भाचीला ही गोष्ट मराठीतून सांगताना ‘क्लू’पाशी अडतंय. कोणता शब्द घ्यावा?

प्रतिसाद १
क्रियापदं बघा, उत्तर तिथेच आहे. सुगावा ‘लागतो’, माग ‘काढतात’, धागेदोरे ‘हाती येतात’, छडा ‘लावतात’. सुगावा म्हणजे चाहूल. ती चोरालाही लागते. ‘पोलिसांचा सुगावा लागताच तो पसार झाला’ हे रोजच्या बातमीतलं वाक्य. माग पळणाऱ्याचा काढायचा. छडा अगदी शेवटी. त्यामुळे डाग हा स्वतः सुगावा नव्हे. डागावरून सुगावा लागतो. या कथेत मी ‘धागादोरा’ घेईन.

प्रतिसाद २
‘धागादोरा’ला माझंही मत. इंग्रजी ‘क्लू’चा जुना अर्थ सुताचा गुंडाच आहे. ग्रीक पुराणात थीसियस भुलभुलैयात शिरताना आरिआड्नीने दिलेला गुंडा उलगडत जातो आणि त्याच सुताच्या आधाराने बाहेर येतो. मात्र होम्स त्या हॅटवर साचलेली धूळ बघून ‘बायकोचं प्रेम आटलंय’ असंही ठरवतो. याला आपण सरळ सुतावरून स्वर्ग गाठणं म्हणू.

प्रतिसाद ३
सरसकट नको म्हणू या. एखाददुसरा डाग योगायोगाने पडेल, पाच पडणार नाहीत, हे तो स्वतःच सांगतो. धूळसुद्धा नीट पारखतो: रस्त्यावरची करडी, खरखरीत नाही, घरातली मऊ तपकिरी. म्हणजे हॅट बरेच दिवस घरात टांगलेली होती. हे चोख अनुमान आहे. तिथून बायकोपर्यंतची उडी लांबच पडते, आणि हॅट मोठी म्हणून माणूस बुद्धिमान, हे तर मला मुळीच पटत नाही. म्हण वापरायची तर तिथे वापरा.
भाचीसाठी मात्र ‘खूण’ हाच शब्द घ्या. डाग ही खूण, धूळ ही खूण. पुस्तकी वाटत नाही आणि पोरांना लगेच कळतो.

मूळ प्रश्नकर्ती
‘खूण’ आवडला, तोच घेते. उद्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ सांगायची आहे. त्यात रात्री तबेल्यातून घोडा बाहेर नेला जातो तरी कुत्रा भुंकत नाही, आणि होम्सला तेवढंच पुरतं. जे घडलंच नाही, त्याला ‘खूण’ म्हणता येईल का?