एन स्केल : काटो की टोमिक्स? आधी रूळ ठरवा, गाडी नंतर

नऊमिमी (धागाकर्ता)
मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या चर्चेमुळे ई5 शिंकान्सेनचं (जपानी बुलेट ट्रेनचं) एन स्केल, म्हणजे 9 मिमी रुळांवर धावणारं, मॉडेल घ्यायची इच्छा अनेकांना झाली आहे. काटो आणि टोमिक्स या जपानी मॉडेल कंपन्या, दोघींकडे ती आहे. बहुतेक जण आधी गाडी निवडतात आणि मग तिच्याच कंपनीचे रूळ घेतात. हे उलटं व्हायला हवं. दोन्हीकडे रुळांतलं अंतर 9 मिमी आणि वीज 12 व्होल्ट डीसी, त्यामुळे काटोची गाडी टोमिक्सच्या रुळावर बिनदिक्कत धावते. गाडी कधीही बदलता येते. रूळ मात्र एकमेकांत थेट बसत नाहीत, म्हणजे पहिला डबा कोणाचा उघडला त्यावर पुढची सगळी खरेदी ठरते.

माझा कौल काटोच्या युनिट्रॅक रुळांना. त्यातला युनिजॉइनर (दोन रूळ जोडणारा तुकडा) प्लास्टिकच्या खोबणीत बसतो. ढिला झाला की ओढून काढायचा, नवा बसवायचा. रुळाखालची प्लास्टिकची खडी 25 मिमी रुंद असल्यामुळे रूळ फरशीवरही डगमगत नाही. रविवारी मांडायचं आणि रात्री उचलायचं, अशा घरात हा जोड टिकतो.

चार बाय दोन
टिकाऊपणा मान्य, पण जागेचं काय? आपल्या फ्लॅटमध्ये टेबल म्हणजे 4 फूट बाय 2 फूट, 1219 × 610 मिमी. काटोचा 282 मिमी त्रिज्येचा वळसा घेतला तर व्यास 564, त्यात खडीचे 25, झाले 589. दोन्ही कडांना जेमतेम 10 मिमी उरतात. गाडी घसरली की थेट जमिनीवर. टोमिक्सच्या फाइनट्रॅक रुळांत 280 त्रिज्या आणि 18.5 मिमी खडी, एकूण 578.5. कडेला बारीक पट्टी ठोकायला जागा मिळते.

आणि सांधे, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे तुकडे! काटोच्या 4 नंबरच्या सांध्यावर गाड्या घसरतात ही जुनी तक्रार आहे आणि ती खरी आहे. हलणारी जीभ मुख्य रुळाला पूर्ण चिकटत नाही, टोक जाडसर राहतं आणि समोरून येणाऱ्या चाकाची कड त्यावर चढते. नवशिक्याने पहिल्याच दिवशी हे का सोसावं? टोमिक्सचा 541 त्रिज्येचा सांधा 140 मिमी लांब आहे, हाताने चालवता येतो आणि मोटर नंतर जोडता येते. पैसे टप्प्याटप्प्याने घालता येतात.

नऊमिमी
सांध्याची तक्रार मान्य. पण तो दुरुस्त होतो. जिभेचं टोक सुईसारख्या बारीक कानशीने वरून उतरतं करा आणि ते जिथे टेकतं तिथे मुख्य रुळाच्या आतल्या बाजूला हलकी खाच पाडा. दोन-चार हलके हात मारले की रिकामा डबा बोटाने ढकलून पाहा. अडकला तर आणखी एक हात. एकदम जास्त घासलं तर सांधा वाया जातो. ज्यांना हे नको त्यांनी 6 नंबर घ्यावा. त्रिज्या 718, लांबी 186 मिमी, गाड्या लोण्यासारख्या जातात. 4 फुटी टेबलावर तो जागा खातो, हे मात्र कबूल.

लहान जागेचा मुद्दा एकतर्फी मांडला आहे. काटोकडेही 117, 150 आणि 183 त्रिज्येचे कॉम्पॅक्ट रूळ आहेत. ट्राम आणि दोन आसांच्या डब्यांसाठी ते पुरतात. टोमिक्स 103 पर्यंत खाली उतरतो, तेवढाच फरक.

दहा डबे
तुम्ही दोघेही त्रिज्येवर भांडताय, पण लांबी मोजा. खरी ई5 दहा डब्यांची, 253 मीटर. 1:160 ने ती 1.58 मीटर होते. 282 चा वळसा आणि दोन्ही बाजूंना 620 मिमी सरळ रूळ (248 + 248 + 124) घेतले तर पूर्ण फेरी साधारण 3 मीटर. म्हणजे निम्मा रूळ गाडीनेच झाकला जातो आणि पुढचा डबा शेपटीमागे धावताना दिसतो. 4 फुटी टेबलावर तीन-चार डब्यांचा संचच शोभतो. दहा डबे हवे असतील तर अडीच फूट रुंदी करा आणि बाहेरची लाइन 315 ची घ्या (630 + 25 = 655 मिमी). लांब डबे तिथे डौलदार दिसतात.

आणि जपानी मॉडेलांत हे 1:160 प्रमाण मुख्यतः शिंकान्सेनचं. जपानच्या 1067 मिमी गेजच्या गाड्या 1:150 असतात. दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर फरक डोळ्यांना दिसतो. आपल्या ब्रॉडगेजचं सांगायचं तर 1676 ला 160 ने भागलं की 10.5 मिमी येतं. 9 मिमी रुळावर भारतीय डबा बसवला तर रूळ अरुंदच दिसणार, कंपनी कोणतीही असो.

चार बाय दोन
लांबीचं पटलं. तरी डबे वाढवताना कपलिंग (डबे जोडणारा आकडा) पाहा. काटोचं कपलर आणि टोमिक्सचं टीएन कपलर एकमेकांत अडकत नाहीत. रूळ दुसऱ्या कंपनीचे चालतील, पण एका गाडीचे डबे एकाच कंपनीचे घ्या.

डीकोडरप्रेमी
डिजिटल करणार असाल, म्हणजे प्रत्येक गाडीत हुकूम ओळखणारा डीकोडर बसवून ती वेगळी चालवणार असाल, तर वाद इथेच संपतो. काटोच्या बऱ्याच नव्या गाड्यांत डीकोडरची जागा तयार असते, मोटरसाठी ईएम13 आणि दिव्यांसाठी एफएल12 खोचायचा. टोमिक्समध्ये बहुतेक वेळा तारा कापून डाग द्यावे लागतात, आणि एनच्या बॉडीत तेवढी जागा काढणं सोपं नाही. साधं डीसीच चालवणार असाल तर मात्र टोमिक्सचे कंट्रोलर उजवे. गाडी उभी असतानाही हेडलाइट पेटता ठेवणारे प्रकार त्यांच्याकडे आहेत.

जपानहून मागवताना एक पाहाच : अडॅप्टरवर इनपुट काय लिहिलंय. फक्त 100 व्होल्ट असेल तर आपल्या 230 च्या सॉकेटला थेट लावू नका, जळेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या.

नऊमिमी
डीसीसाठी टोमिक्सचा कंट्रोलर आणि काटोचे रूळ, ही जोडी मला मान्य आहे. फक्त विजेची जोडणी काटोच्या फीडर रुळातूनच (वीज आत घेणाऱ्या तुकड्यातून) करा, दर दीड-दोन मीटरला एक. नाहीतर लांबच्या वळणावर गाडी मंदावते.

खाली पाट्यासाठी एमडीएफ नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तो फुगतो, जोड उचलले जातात आणि मग दोष रुळाला दिला जातो. 12 मिमी मरीन प्लाय वापरा. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं फडकं. पॉलिश पेपर नको, चरे पडले की तिथेच काळं साचतं.